गोळीतला हमाल

या गोष्टीच्या शेवटी मोनिका निर्दोष ठरते.

वरचं वाक्य चुकून आधी छापलं गेलं आहे. वाचकांनी ते वाचलेलंच नाही असं धरावं आणि मोनिकावर रीतसर संशय घ्यायला सुरुवात करावी. गावानं ती महिन्याभरापूर्वीच केली होती.

सकाळी साडेनऊला पुंजारामकाका जिना चढून दैवशालाच्या ऑफिसात आले. ऑफिस जालन्यात, बियाण्याच्या दुकानावर. पाटी होती, ‘लग्नाआधीची चौकशी, गुप्त व खात्रीशीर’. दैवशालानं आजवर एकेचाळीस लग्नं मोडली होती, त्यातलं एक स्वतःचं. त्याआधी नऊ वर्षं ती मेडिकलच्या काउंटरमागे उभी होती.

पुंजारामकाका तहसीलबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे आणि रिकाम्या वेळात दैवशालाच्या मागे-मागे फिरायचे. अर्जानं सुटत नाही असा प्रश्न जगात नाही, ही त्यांची श्रद्धा. एकदा त्यांनी स्वतःच्या उचकीविरुद्ध आरोग्य खात्याला अर्ज केला होता. सात दिवसांनी उचकी थांबली, तेव्हा ‘प्रकरण निकाली’ असा शेरा त्यांनी स्वतःच मारला.

आज त्यांच्यामागे एक तिशीतला माणूस होता. डोळे तांबारलेले.

“ताई, हा सुग्रीव. राजूरच्या पलीकडं सहा किलोमीटरवर गाव. पिकअप चालवतो, बाजाराला शेळ्या पोचवतो,” काका म्हणाले. “यानं पोलिसात द्यायला अर्ज लिहून घेतला. लिहिला मी बराबर. पण सही घ्यायला हात धजंना. तुम्ही वाचा.”

दैवशालानं वाचलं. ‘माझी पत्नी मोनिका हिने माझी आई गोपिकाबाई हीस शुगरच्या गोळ्या चारून जिवे मारण्याचा तीन वेळा प्रयत्न केला आहे, सबब...’

“सबबच्या पुढं काय?”

“पुढं जागा सोडलीय,” काका म्हणाले. “लोकांना सबब नंतर सुचते.”

दैवशालानं सुग्रीवला बसायला लावलं. “पहिल्यापासून सांग.”

“आईला शुगर न्हाई, ताई. बापाला हाये. पण मागच्या तिन्ही चतुर्थ्यांना आई दिवस मावळायच्या टायमाला पडली. घाम, थरथर, येड्यावानी बोलणं. भादव्यात नुसती चक्कर आल्ती. अश्विनात बेशुद्ध. कार्तिकात तर दात बसले. दवाखान्यात नेलं, तं डॉक्टर म्हणले, रक्तात साखरच न्हाई. घरात कोणी शुगरची गोळी खातं का? चुकून हिच्या पोटात गेली असंल.”

“मग?”

“बापाच्या गोळ्यांचा डबा मोनिकाच्या ताब्यात. मोजल्या. तीन कमी! तीन चतुर्थ्या, तीन गोळ्या.” त्यानं तीन बोटं वर केली आणि ती खाली घ्यायला विसरला. “आई चतुर्थीला निरंकार धरती. पाण्याशिवाय काही न्हाई. सहाला मोनिका कामावरून येती, आईला तांब्याभर पाणी देती. आन् अर्ध्या घंट्यात आई खाली.”

“आज चतुर्थी आहे,” दैवशाला म्हणाली.

“म्हून तर आलो. तिच्या भावाला बोलवलंय. सहाला ठाण्यात जाणार. तिला आत टाकतील न्हाईतर तिचा भाऊ घेऊन जाईल. माझ्या घरात तिचं पाणी आता कोणी पिणार न्हाई.”

“दवाखान्याचे कागद?”

सुग्रीवनं घडी घातलेला कागद दिला. कार्तिकातल्या तपासणीचा. साखर चौतीस. लघवीत कीटोन नाही.

“इन्सुलिनही तपासायला पाठवलेलं दिसतंय. त्याचा रिपोर्ट?”

“फोनवर येणार होता. आला नसंल.”

तिनं त्याचा फोन मागितला. न वाचलेले मेसेज दोनशे चौदा. त्यात वीस दिवसांपूर्वी आलेला रिपोर्ट निपचित पडून होता. इन्सुलिन अगदी कमी.

दैवशालानं कागद आणि फोन शेजारी-शेजारी ठेवून पुन्हा वाचलं. “काका, दिवसभर उपाशी माणसाच्या लघवीत काय सापडायला पाहिजे?”

काकांनी मनापासून विचार केला. “लघवी.”

“चला,” ती उठली.

सुग्रीवच्या पिकअपमध्ये मागे दोन शेळ्या होत्या. पुढे तिघांची जागा नव्हती, म्हणून काका मागे बसले आणि राजूर येईपर्यंत त्यांची एका शेळीशी बऱ्यापैकी ओळख झाली. ते उतरले तेव्हा अर्जाचा वरचा कोपरा तिनं खाल्लेला होता. नेमका ‘पोलीस निरीक्षक’ लिहिलेला.

राजूरच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी होती. सुग्रीवनं एका मेडिकलसमोर गाडी लावली.

“दोन मिन्टं. आईच्या तळपायाची गोळी घेतो. काटा लागल्ता, जखम भरंना.”

दुकानदार धम्मपालनं त्याला बघताच दोन पट्ट्या काउंटरवर ठेवल्या.

“चिठ्ठी?” दैवशालानं विचारलं.

“ह्यो रिकाम्या पट्टीचा फोटो पाठवतो ना,” धम्मपाल म्हणाला. “जुनं गिऱ्हाईक आहे. आईसाठी इतकं करणारा पोरगा पाह्यला न्हाई मी. गोळी संपायच्या आधी फोटो हजर.”

दैवशालानं पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचली. ओठ हलवत दोनदा वाचली. मग पट्टी परत दिली आणि गाडीत बसली.

“ताई, तुमचा चेहरा उतरला,” काका मागून म्हणाले.

“शेळीकडे बघा, काका.”

सुग्रीवचं घर पत्र्याचं, पुढे मोठं अंगण, कडेला मेंढरांचा वाडा. आज ठाण्यात जायचं म्हणून मोनिका कामावर गेली नव्हती. ती सव्वीस वर्षांची, राजूरला सेतू केंद्रात लोकांचे दाखले काढून द्यायची. आतल्या खोलीत कापडी पिशवी भरत होती. साड्या घडी करून, कडेला कडा जुळवून. ज्याला परत यायचं असतं तो इतक्या नीट घड्या घालत नाही.

“तूच दिल्यास का गोळ्या?” दैवशालानं सरळ विचारलं.

“मला मारायचंच असतं तं चतुर्थीची वाट पाह्यली असती का?” मोनिका म्हणाली. “त्या दिवशी त्या खातच न्हाईत. बाकीचे एकोणतीस दिवस माझ्याच हातचं खात्यात. इतकं उलटं डोकं असतं तं मी सेतूत कशाला बसले असते?”

“भांडण?”

मोनिकानं घडी अर्धवट ठेवली. “भांडण न्हाई. मागच्या पौषात मला डेंग्यू झाल्ता. अकरा दिवस संभाजीनगरला दवाखान्यात. एक दिवस तं डॉक्टरनं यांना बाहेर बोलवून सांगितलं, आता देवावर सोडा. त्या अकरा दिवसांत सासूबाई एकदाही मला बघायला आल्या न्हाईत. एकदाही. घरी आले तं सासूबाईंनी चपला सोडलेल्या, मटण सोडलेलं, चहात दूध बी न्हाई. मी विचारलं, कशामुळं? तं म्हणल्या, तुला काय करायचं. त्यांना मीच नको असंन म्हणून मी बी बोलणं कमी केलं.”

“म्हणजे राग होता.”

“होता. हाये. पण रागानं कोणी पाण्यात गोळी टाकत असतं तं ह्या गावात लोकसंख्या उरली नसती.”

काकांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. कुठल्यातरी अर्जात उपयोगी पडलं असतं.

सासरे धुळाजी वाड्याच्या कडेला घोंगडी अंथरून बसले होते. सत्तरीचे, मिशा पांढऱ्या. कोपरीच्या खिशापासून खांद्यापर्यंत मुंग्यांची एक रांग शिस्तीत चालली होती.

“धुळाजीबाबा, तुमच्या तीन गोळ्या कुठं गेल्या?”

“मला काय ठावं? डबा सुनंकडं.”

“डब्याला कुलूप आहे?”

“न्हाई.”

“चतुर्थीला तुम्हीही राजूरला जाता?”

“जातो. म्हातारी पायी जाती, मी यष्टीनं जातो. ती परत पोचली का न्हाई बघाया.”

“आजही गेला होता?”

“गेल्तो.”

“खिशात काय आहे, बाबा?”

धुळाजींनी खिसा झाकला. मुंग्या त्यांच्या बोटांवरून वळसा घालून पुढे गेल्या.

“पर्साद,” ते म्हणाले.

दैवशाला वळून अंगणाकडे निघाली. काकांना वाटलं, म्हाताऱ्याला ती सोडून देतेय. काकांना नेहमी तसंच वाटायचं.

गोपिकाबाई अंगणात खांबाला टेकून बसल्या होत्या. साठीच्या. सकाळीच जाऊन-येऊन बारा किलोमीटर अनवाणी चालून आलेल्या. डाव्या तळपायाला फडकं बांधलेलं.

“आज्जी, पाय दाखवता?”

“बघ बाई. श्रावणात बाभळीचा काटा घुसला. डॉक्टरनं काढला, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. भरत आलं की चतुर्थी येती, फुटतं.”

“चप्पल का नाही घालत?”

“न्हाई घालत.”

“किती दिवस नाही घालायची?”

“तुला कोणी पाठवलं गं?” गोपिकाबाईंचा आवाज चढला. “लगीन जुळवाया आलीस का मोडाया?”

“मोडायला आले असते तर सोपं होतं, आज्जी. गोळ्या कोण देतं?”

म्हातारीचा चेहरा मऊ झाला. “सुग्रीव. सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर उभा राहतो. गिळल्याबिगर हलत न्हाई. आज बी घेतली.” तिनं मागून एक पत्र्याचा डबा ओढला. “रिकाम्या पट्ट्या मी टाकत न्हाई. फोटो काढाया लागत्यात.”

दैवशालानं पट्ट्या मांडल्या. दहा-दहा गोळ्यांच्या. चोवीस.

मग तिनं दोन ठिकाणी फोन केले, एका जुन्या औषधशास्त्राच्या सरांना आणि एका दवाखान्यात, आणि चार वाजेपर्यंत कुणाशी बोलली नाही. काकांनी तेवढ्या वेळात शेळीनं खाल्लेला कोपरा नव्यानं लिहून काढला.

पाच वाजता दैवशालानं सगळ्यांना अंगणात बोलावलं. मोनिका पिशवी घेऊनच आली. तिचा भाऊही मोटारसायकलवर येऊन पोचला होता. सुग्रीव घड्याळ बघत होता. गोपिकाबाईंच्या कपाळावर घामाचे थेंब होते, थंडीचे दिवस असूनही.

दैवशालानं धुळाजींचं साखर मोजायचं यंत्र मागवून म्हातारीच्या बोटाला सुई लावली. अठ्ठावन्न.

“बघा!” सुग्रीव उठला. “सुरू झालं! आज बी हिनं...”

“आज तिनं पाणी दिलं का?”

सुग्रीव थांबला. आज सकाळी आणि परत आल्यावर पाण्याचा तांब्या त्यानं स्वतःच भरला होता. मोनिकाला त्यानं माठाजवळ फिरकू दिलं नव्हतं.

“बस,” दैवशाला म्हणाली. “आणि आज्जी, आधी गुळाचं पाणी घ्या.”

“चांद निघाल्याबिगर न्हाई.”

“चंद्र नऊच्या पुढे आहे.”

“मंग नऊच्या पुढं.”

दैवशालानं श्वास घेतला. “तर मग पटकन सांगते. बाबांच्या डब्यातली शुगरची गोळी शरीरात इन्सुलिन वाढवते, म्हणून साखर उतरते. गोपिकाबाईंचं इन्सुलिन वाढलेलं नव्हतं, तळाला होतं. हा रिपोर्ट सुग्रीवच्या फोनमध्ये वीस दिवस पडून आहे. म्हणजे शुगरची गोळी त्यांच्या पोटात गेलीच नाही. कुणीच दिली नाही.”

“मंग बापाच्या तीन गोळ्या?”

“धुळाजीबाबा, खिसा.”

म्हाताऱ्यानं मान खाली घालून खिशातून पेढ्यांचा कागद काढला. मुंग्यांसकट.

“चतुर्थीला राजूरला पेढे खातो,” ते पुटपुटले. “मंग भ्या वाटतं. म्हून एक गोळी जादा घेतो. फिट्टमफाट.”

“म्हणजे शुगरचा खरा गुन्हेगार हा,” काका म्हणाले.

“काका, गप्प बसा. बाबा, असं पुन्हा केलंत तर पुढच्या वेळी तुम्ही पडाल.” दैवशाला वळली. “आता दुसरा कागद. माणूस दिवसभर उपाशी राहिला की साखर संपते आणि शरीर साठवलेली चरबी जाळायला घेतं. चरबी जळली की तिची राख लघवीत सापडते, तिला कीटोन म्हणतात. उपाशी, बारा किलोमीटर चाललेल्या बाईच्या लघवीत कीटोन असायलाच पाहिजे. नव्हतं. म्हणजे चूल पेटलीच नव्हती. का?”

एक मेंढी शिंकली.

“कारण सरपण चुलीपर्यंत पोचवणाऱ्या गाड्या संपल्या होत्या. चरबी वाहून नेणाऱ्या त्या गाडीला कार्निटीन म्हणतात. थोडं शरीर स्वतः बनवतं, बाकीचं मटणातून, दुधातून येतं. गोपिकाबाईंनी पौषापासून दोन्ही सोडलंय. गाड्या आधीच कमी. उरलेल्या कुणी पळवल्या?”

तिनं सुग्रीवच्या वरच्या खिशातून पट्टी काढून घेतली.

“सेफडिटोरेन पिव्हॉक्सिल. जखमेतले जंतू मारायचं चांगलं औषध. पण खरं औषध पोटातून रक्तात एकटं जाऊ शकत नाही. म्हणून बनवणाऱ्यांनी त्याच्या पाठीला एक हमाल जोडून दिलाय. हमाल औषधाला आत नेऊन सोडतो. तिथं औषध कामाला लागतं, हमाल मोकळा होतो. त्या हमालाचं नाव पिव्हॅलिक आम्ल. शरीराला तो नको असतो. शरीर त्याला एका कार्निटीनच्या गाडीत बसवतं आणि लघवीवाटे बाहेर घालवतं. गाडीसकट. गाडी परत येत नाही.”

“दर गोळीला?” काकांनी विचारलं.

“दर गोळीला. पाच दिवस घेतली तर काही बिघडत नाही, शरीर भरून काढतं. डॉक्टरनं पाच दिवसच दिली होती. इथं दिवसाला दोन, चार महिने. चोवीस पट्ट्या. रोज दोन वेळा जेवण असायचं तोवर निभावलं, कारण जेवणातून साखर मिळत होती. चतुर्थीला जेवण बंद, चालणं सुरू, आणि चूल थंड. म्हणून चतुर्थी, म्हणून संध्याकाळ, म्हणून दर महिन्याला जास्त जोरात. मोनिका सहाला येते आणि गोपिकाबाई साडेसहाला पडतात, एवढाच तिचा गुन्हा.”

सुग्रीव हळूच खाली बसला. “म्हंजे... मी?”

“तू.”

“मी तं आईसाठी... दोन टाइम, समोर उभा राहून...”

“हो,” दैवशाला म्हणाली.

पुंजारामकाकांनी खिशातून पेन काढलं. अत्यंत प्रामाणिकपणे विचारलं, “अर्जात आरोपीचं नाव बदलायचं का?”

गोपिकाबाईंचे हात थरथरू लागले होते.

मोनिका आतून गुळाचं पाणी घेऊन आली. सासूसमोर वाटी धरली. गोपिकाबाईंनी तोंड फिरवलं. “चांद निघू दे.”

“आज्जी,” दैवशाला म्हणाली, “चपला, मटण, दूध, तिन्ही तुम्ही एकाच आठवड्यात सोडलंत. त्या आठवड्यात या घरात एकच गोष्ट घडली होती. सून संभाजीनगरला मरायला टेकली होती. तुम्ही बघायला गेला नाहीत, कारण तुम्ही राजूरच्या गणपतीकडे अनवाणी चालत होता. किती चतुर्थ्या बोललात?”

गोपिकाबाईंचे डोळे पेटले. “ए बाई! नवस बोलून दाखवला की बाटतो!”

“किती?”

“एकवीस,” तोंडातून निसटलं. मग म्हातारी रडायलाच लागली. “आजची बारावी हाये. सांगितलं असतं तं फुकट गेलं असतं. पुन्हा दुखणं उलटलं असतं हिच्यावर.”

मोनिका सासूच्या तळपायाच्या फडक्याकडे बघत राहिली.

“तुम्ही कुठं बोलून दाखवला, आत्या?” ती शेवटी म्हणाली. “ह्या बाई बोलल्या. त्यांचा बाटला असंल. तुमचा हाये तसाच हाये.”

गोपिकाबाईंनी यावर विचार केला. थरथरत्या अवस्थेतही कायदेशीर बाजू त्यांना पटलेली दिसली.

“पण आजची मोडली तं एकवीसात धरायची न्हाई,” त्या म्हणाल्या. “एक वाढवीन.”

“वाढवा. आधी प्या.”

म्हातारी प्यायली. सुनेच्या हातचं. पंधरा मिनिटांनी यंत्रानं चौऱ्याण्णव दाखवलं. दैवशालानं गोळ्या ताब्यात घेतल्या, दवाखान्यात काय सांगायचं ते कागदावर लिहून दिलं आणि सुग्रीवला गाडी काढायला लावली.

सुग्रीव मोनिकासमोर येऊन उभा राहिला. “पिशवी आत ठेव ना.”

मोनिकानं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं काकांना विचारलं, “काका, तो अर्ज कुठंय?”

“फाडतो की आता.”

“फाडू नका. मला द्या.” तिनं कागद घेतला, माझी पत्नी मोनिका हिने, इथपासून सबबपर्यंत वाचला, कडेला कडा जुळवून घडी घातली आणि पिशवीत सगळ्यात खाली ठेवला. मग पिशवी खांद्याला अडकवून, सासूला धरून ती गाडीत बसली. तिचा भाऊ मोटारसायकलवर मागून निघाला. दवाखान्यातून ती कोणत्या दिशेला जाईल, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

अंगणात दैवशाला आणि काका उरले. आणि धुळाजी, जे पेढ्याच्या कागदावरच्या मुंग्या एकेक करून उतरवत होते.

“आता चप्पल तरी घालतील का?” काकांनी विचारलं.

“विचारलं मी. म्हणाल्या, एकवीस झाल्यावर.”

काकांनी मांडीवर वही घेतली, कोरं पान काढलं, आणि शेळी जवळपास नाही याची खात्री करून लिहायला सुरुवात केली.

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जालना.

विषय : संकष्टी चतुर्थीचा चंद्रोदय सायंकाळी पाच वाजता करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, आपल्या जिल्ह्यातील श्रीमती गोपिकाबाई यांच्या दहा चतुर्थ्या (आजची न धरता) शिल्लक आहेत. सदर बाई चंद्र दिसल्याशिवाय अन्न घेत नाहीत व चंद्र रात्री नऊपूर्वी निघत नाही. बाईंना समजावण्याचे सर्व प्रयत्न झालेले आहेत. चंद्राला समजावण्याचा प्रयत्न आपल्या स्तरावरून होणे बाकी आहे.

तसेच सदर बाईंच्या सुनेची पिशवी आज रोजी भरलेल्या स्थितीत आहे. ती रिकामी होण्यास किती चतुर्थ्या लागतील, याचा अंदाज अर्जदारास नाही.

तरी पुढील दहा चतुर्थ्यांना चंद्राने किमान चार तास आधी हजर राहावे, असे आदेश संबंधितास द्यावेत, ही नम्र विनंती.